शातो द’इकेम : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

फ्रान्समधल्या बोर्डो शहराजवळच्या, गोड पांढऱ्या वाइनसाठी नावाजलेल्या या एका द्राक्षबागेबद्दल द्राक्ष बागायतदार, वाइनची आवड असलेले आणि फ्रान्सला निघालेले वाचक पुन्हा पुन्हा तेच प्रश्न पाठवतात. ते इथे एकत्र केले आहेत. सुरुवात अगदी प्राथमिक प्रश्नांपासून आहे, अवघड शंका पुढे येतात. एकाच गोष्टीचा दोनदा उल्लेख टाळण्यासाठी जागोजागी प्रश्नांचे क्रमांक दिले आहेत.

१. नावाचा उच्चार काय आणि ही बाग आहे तरी कुठे?

उच्चार ‘इकेम’. सुरुवातीचा ‘वाय’ इथे ‘इ’सारखा उच्चारायचा. ‘शातो’ म्हणजे गढी किंवा वाडा, पण बोर्डोत बाग, तळघर आणि वाइन या सगळ्याला मिळून शातो म्हणतात. बाग बोर्डो शहराच्या आग्नेयेला सुमारे ४० किलोमीटरवर सोतेर्न गावात, आसपासच्या सर्वांत उंच टेकडीवर आहे. वाइनसाठी मान्य जमीन सुमारे ११३ हेक्टर. त्यातली साधारण १०० हेक्टर एका वेळी उत्पादनात असते. बाकीच्या जमिनीवर जुनी वेल काढून टाकलेली असते, पडीक ठेवलेली असते किंवा नवी वेल वाढत असते. सुमारे तीन चतुर्थांश क्षेत्रावर सेमियाँ ही जात आहे, उरलेल्यावर सोव्हिन्याँ ब्लाँ.

२. ही कुजलेल्या द्राक्षांची वाइन आहे असे ऐकले. खरे आहे का?

खरे आहे, पण ही कूज एका ठरावीक प्रकारची असते. बोट्रायटिस सिनेरिया नावाची बुरशी पूर्ण पिकलेल्या मण्यावर बसते आणि सालीला बारीक छिद्रे पाडते. त्या छिद्रांतून पाणी उडते, साखर आत राहते आणि मणी मनुक्यासारखा आकसतो. फ्रेंच लोक याला ‘उमदी कूज’ म्हणतात.

नुसते पाणी उडाले असते तर बेदाण्याच्या रसासारखी चव आली असती. बुरशी त्यापलीकडे बरेच काही करते. ती टार्टारिक आम्लाचा काही भाग खाते, ग्लिसरॉल तयार करते (त्यानेच वाइन तोंडात दाट लागते) आणि जर्दाळू, मध, केशर, संत्र्याचा मुरंबा अशा वासांना जन्म देते. साखर आणि आंबटपणा दोन्ही दाट होतात, म्हणून इतकी गोड असूनही वाइन जिभेवर चिकट बसत नाही.

मणी जवळून पाहिला तर टप्पे कळतात. आधी सोनेरी सालीवर तपकिरी ठिपके येतात. मग सगळा मणी जांभळट तपकिरी होतो, पण फुगलेलाच राहतो. शेवटी तो सुरकुततो आणि अंगावर राखेसारखी लव दिसते. तोडायचा तो या शेवटच्या अवस्थेत, याला तिथे ‘भाजलेला’ मणी म्हणतात.

३. आमच्या बागेत मणी कुजले तर माल फेकावा लागतो. तीच बुरशी तिथे फायद्याची कशी?

बुरशी तीच आहे, फरक हवेचा आणि वेळेचा आहे. तीन अटी जुळाव्या लागतात.

पहिली अट, मणी पूर्ण पिकलेला आणि अखंड हवा. कच्च्या किंवा तडकलेल्या मण्यावर बुरशी बसली की होते ती राखाडी कूज, आणि तिचा वास ओल्या मातीसारखा कुबट येतो. दुसरी अट, सकाळी धुके हवे. ओल असल्याशिवाय बुरशी वाढत नाही. तिसरी अट सर्वांत महत्त्वाची: दुपारी ऊन आणि वारा हवाच. त्यानेच पाणी उडते आणि बुरशीला लगाम बसतो. दिवसभर ओल राहिली तर बुरशी बेफाम वाढते, साल फाटते, त्यात फळमाश्या आणि व्हिनेगरचे जिवाणू शिरतात. ती आंबट कूज. नाकाजवळ घड नेला की झोंबते. असा एखादा मणी टोपलीत गेला तरी रसात तो वास उतरतो.

धुके येते ते सिराँ नावाच्या छोट्या नदीमुळे. ती गर्द रानातून वाहत येत असल्याने तिचे पाणी थंड असते, आणि ती गारॉन या मोठ्या, कोमट नदीला मिळते. शरद ऋतूत या संगमावर रात्री धुके तयार होते आणि सकाळी उशिरा विरते. इकेमची टेकडी उंच असल्याने तिथे वारा लवकर लागतो आणि घड लवकर सुकतात.

४. जमिनीत काय विशेष आहे?

वर उष्णता धरणारी वाळू-खडी, खाली पाणी धरणारी चिकण माती. कोरड्या उन्हाळ्यात ही माती वेलीला तगवते, पण पावसाळी वर्षात मुळे पाण्यात उभी राहतात. म्हणून एकोणिसाव्या शतकात जमिनीखाली भाजक्या मातीच्या नळ्या घातल्या. त्यांची एकूण लांबी सुमारे १०० किलोमीटर भरते. त्या आजही पाणी काढतात. वाड्याच्या देखण्या बुरुजांपेक्षा या न दिसणाऱ्या नळ्यांचे इकेमवर अधिक उपकार आहेत.

५. तोडणी किती दिवस चालते? घड एकदम का तोडत नाहीत?

कारण एकाच घडातले मणी एकाच दिवशी तयार होत नाहीत. घडाच्या उन्हाकडच्या बाजूला मणी सुरकुतलेले, मागच्या बाजूला अजून पिवळे आणि टणक, असे नेहमी दिसते. म्हणून तोडणारे लहान कात्रीने घडाचा फक्त तयार भाग कापतात, कधी मोजकेच मणी, आणि बाकी घड वेलीवर सोडतात. काही दिवसांनी पुन्हा त्याच ओळीतून फिरतात. अशा सरासरी पाच-सहा फेऱ्या होतात. १९७२ मध्ये ११ फेऱ्या झाल्या आणि तरीही त्या वर्षीची वाइन बाजारात आली नाही (प्रश्न १२ पाहा).

हंगाम साधारण सप्टेंबरमध्ये सुरू होतो आणि कधी कधी नोव्हेंबरपर्यंत लांबतो. दीड-दोनशे माणसे लागतात, आणि पाऊस आला की सगळ्यांना थांबवून ठेवावे लागते. ओला मणी तोडला तर पाणी रसात जाते आणि महिनाभराची वाट पाहणे फुकट जाते. अनुभवी हात इथे यंत्राहून मोलाचे, कारण उमदी कूज आणि आंबट कूज यांतला फरक डोळ्यांनी आणि नाकानेच ओळखावा लागतो.

६. ‘एका वेलीला एक पेला’ हे खरे की जाहिरात?

हिशेब करून पाहा. इकेमचे उत्पादन सरासरी हेक्टरी ९ हेक्टोलिटर, म्हणजे ९०० लिटर. हेक्टरी सहा हजारांच्या पुढे वेली असतात. भागाकार केला की वेलीमागे सुमारे १४० मिलिलिटर, म्हणजे खरोखरच एक पेला. सोतेर्नच्या नियमानुसार हेक्टरी २५ हेक्टोलिटरपर्यंत मुभा आहे. लाल बोर्डो वाइनचे उत्पादन हेक्टरी ४०-५० हेक्टोलिटर असणे नेहमीचे. चांगल्या वर्षी सुमारे एक लाख बाटल्या भरतात, अनेक वर्षी त्याहून बऱ्याच कमी.

७. रस काढण्यापासून पिंपात आंबवण्यापर्यंतच्या पायऱ्या सांगाल का?

मणी त्याच दिवशी हळूहळू दाबतात. सुकलेल्या मण्यातून रस सहजी निघत नाही, म्हणून एकापाठोपाठ एक दाब देतात आणि मधे चोथा मोकळा करतात. एरवी वाइनमध्ये पहिल्या दाबाचा रस सर्वोत्तम मानतात. इथे उलटे आहे: सर्वांत गोड रस सर्वांत आकसलेल्या मण्यांत अडकलेला असतो, आणि तो शेवटच्या दाबाला सुटतो.

रस ओकच्या नव्या, २२५ लिटरच्या पिंपांत भरतात. प्रत्येक दिवसाची तोडणी वेगळ्या पिंपांत जाते, मिसळत नाहीत. यीस्ट दोन ते सहा आठवडे काम करते. इतक्या साखरेत तिला सुरुवात करणेच जड जाते, त्यामुळे पहिले दिवस संथ जातात.

८. वरून साखर घालतात का? आणि आंबणे अर्धवट कसे थांबते?

साखर घालत नाहीत. सगळी गोडी मण्यातलीच. आकडे असे: एक लिटर रसात साधारण १७ ग्रॅम साखर आंबली की १ टक्का अल्कोहोल होते. इकेमला रस हवा असतो २० ते २१ टक्के अल्कोहोल देऊ शकेल इतका गोड. २१ टक्क्यांचा रस धरा. त्यात लिटरला सुमारे ३५७ ग्रॅम साखर, आपल्या बागायतदारांच्या भाषेत जवळपास ३३ ब्रिक्स (ब्रिक्स म्हणजे रसातल्या गोडीचे माप). (खाण्याची द्राक्षे आपण १८-२० ब्रिक्सला उतरवतो.) यीस्ट १३.५ टक्क्यांपर्यंत पोचते, त्यात २३० ग्रॅम खर्ची पडते आणि १२७ ग्रॅम साखर वाइनमध्ये उरते.

थांबते ते तीन कारणांनी. अल्कोहोल यीस्टला मारते, साखरेचा दाब तिला थकवतो, आणि बुरशीने मण्यात सोडलेली काही द्रव्ये यीस्टची वाढ रोखतात. मग थंडावा आणि थोडा गंधक देऊन ते पक्के करतात.

चुकते कुठे? रस १७ टक्क्यांचा निघाला तर यीस्ट जवळजवळ सगळी साखर फस्त करते, आणि वाइन जळजळीत पण पातळ होते. २५ टक्क्यांचा निघाला तर यीस्ट लवकर दमते, अल्कोहोल कमी राहते आणि पाकासारखे जड काहीतरी हाती लागते. म्हणून अति सुकलेले आणि जरा कमी सुकलेले मणी यांचा मेळ तोडणीतच घालावा लागतो. तळघरात ही चूक सुधारता येत नाही.

९. पिंपात किती काळ ठेवतात? त्या काळात काय काम असते?

पूर्वी साडेतीन वर्षांच्या आसपास, आता साधारण २० ते ३० महिने. पिंपाच्या लाकडातून वाइन हळूहळू उडते, वर हवा साचते, म्हणून आठवड्यातून दोनदा पिंपे काठोकाठ भरतात. दर तीनएक महिन्यांनी वाइन गाळावरून काढून स्वच्छ पिंपात घेतात. बुरशीमुळे रसात ग्लुकन नावाचा चिकट पदार्थ येतो, तो गाळणी तुंबवतो. म्हणून घाईने गाळण्यापेक्षा थंडीत, संथपणे बसू देणेच बरे पडते.

सर्वांत कठीण काम चाखून नाकारण्याचे. प्रत्येक पिंप वेगळे चाखतात. जे इकेमच्या दर्जाचे नाही ते या नावाने विकत नाहीत, निनावी सोतेर्न म्हणून व्यापाऱ्यांकडे जाते. गोड वाइनचे दुसऱ्या दर्जाचे वेगळे नाव इकेमने ठेवलेले नाही.

१०. मालक कोण होते, आज कोण आहे?

मध्ययुगात हा प्रदेश इंग्लंडच्या राजाकडे होता. १४५३ मध्ये तो फ्रान्सच्या ताब्यात आला. १५९३ मध्ये झाक सोव्हाज याला इकेमचे हक्क मिळाले आणि पुढे सोव्हाज घराणे मालक झाले. १७८५ मध्ये फ्रांस्वाझ-जोसेफिन द सोव्हाज द’इकेम हिचे लग्न काउंट लुई-आमेदे द लुर-सालूस याच्याशी झाले. तीन वर्षांतच घोड्यावरून पडून तो गेला.

इकेम घडवले ते या तरुण विधवेने. राज्यक्रांतीच्या काळात तिला तुरुंगात टाकले, तरी बाग हातची जाऊ दिली नाही. १८२६ मध्ये तिने स्वतंत्र तळघर-कोठी बांधली, जी त्या काळी धाडसाची गोष्ट होती. १८५१ मध्ये ती वारली. चार वर्षांनी जो मान मिळाला (प्रश्न ११), तो तिच्या सहा दशकांच्या कारभाराचे फळ होता, असे आम्हाला ठामपणे वाटते. इतिहासात तिचे नाव आणखी ठळक यायला हवे.

पहिल्या महायुद्धात वाड्यात लष्करी रुग्णालय होते. १९६८ पासून आलेक्सांद्र द लुर-सालूस यांनी कारभार पाहिला. १९९६ मध्ये घराण्यातल्याच इतर भागधारकांनी आपला हिस्सा एलव्हीएमएच या कंपनीला विकला, त्यावर न्यायालयात वाद चालला आणि १९९९ मध्ये समझोता झाला. आज मालकी याच कंपनीकडे आहे. २००४ मध्ये आलेक्सांद्र पायउतार झाले आणि प्येर लुर्तां यांनी सूत्रे घेतली. जुन्या बाटल्यांवर ‘लुर-सालूस’ हे नाव दिसते ते या घराण्याचे.

११. १८५५ च्या क्रमवारीत इकेमला वेगळा वर्ग का मिळाला?

पॅरिसच्या जागतिक प्रदर्शनासाठी बोर्डोच्या दलालांनी यादी केली ती वर्षानुवर्षे मिळालेल्या भावांवरून. पांढऱ्या गोड वाइनमध्ये इकेमचा भाव इतरांच्या इतका वर होता की तिच्यासाठी ‘प्रीमिए क्रू स्युपेरिअर’ हा वर्गच वेगळा झाला. त्या वर्गात आजही ती एकटीच आहे. तिच्याखाली ११ प्रथम आणि १५ द्वितीय श्रेणीच्या बागा आहेत.

चारच वर्षांनी, १८५९ मध्ये, रशियाच्या झारचा भाऊ ग्रँड ड्यूक कॉन्स्टंटिन याने १८४७ सालच्या ९०० लिटर इकेमसाठी २०,००० सुवर्ण फ्रँक मोजले.

१२. काही वर्षांची इकेम मिळतच नाही. ती कोणती, आणि का?

विसाव्या शतकापासून ही वर्षे वगळली आहेत: १९१०, १९१५, १९३०, १९५१, १९५२, १९६४, १९७२, १९७४, १९९२ आणि २०१२. बहुतेकदा कारण एकच: तोडणीच्या ऐन दिवसांत पाऊस. २०१२ मध्ये ऑक्टोबरच्या पावसाने गोडी पातळ झाली आणि नको ती कूज शिरली. त्याच वर्षी शेजारच्या काही बागांनी आपली वाइन विकली. कोणी यापैकी एखाद्या सालाची गोड इकेम विकायला आणली तर घेऊ नका.

१३. उशिरा तोडणीचा शोध १८४७ मध्ये अपघाताने लागला ना?

गोष्ट अशी सांगतात की मालक प्रवासातून उशिरा परतले, तोवर द्राक्षे कुजली आणि त्यातून अमृत निघाले. गोष्ट छान आहे, पण पुरावा तिच्या विरोधात आहे. १६६६ च्या एका कागदात सोतेर्नची तोडणी १५ ऑक्टोबरच्या आधी सुरू करायची रीत नसल्याचा उल्लेख आहे. उशिरा, कुजेसह तोडण्याची पद्धत तिथे जवळजवळ दोनशे वर्षे आधीच मुरलेली होती. १८४७ चे साल असामान्य होते, पण पहिले नव्हे.

१४. जेफरसनच्या बाटल्यांचे प्रकरण काय आहे?

यात दोन गोष्टी मिसळतात. पुढे अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष झालेला थॉमस जेफरसन फ्रान्समध्ये अमेरिकेचा राजदूत असताना १७८७ मध्ये बोर्डोला गेला होता आणि त्याने १७८४ सालच्या इकेमच्या २५० बाटल्या मागवल्या. १७९० मध्ये त्याने जॉर्ज वॉशिंग्टनसाठी ३० डझन आणि स्वतःसाठी १० डझन मागवल्या. हे पत्रव्यवहारातून सिद्ध आहे.

१९८५ पासून लिलावात आलेल्या, त्याची आद्याक्षरे कोरलेल्या बाटल्या हा वेगळा विषय. त्यांत इकेमही होती. पुढे तपासात अक्षरे आधुनिक यंत्राने कोरल्याचे तज्ज्ञांनी सांगितले. जेफरसनने इकेम प्यायली हे खरे, म्हणून त्या बाटल्या त्याच्या ठरत नाहीत.

१५. ‘वाय’ नावाची बाटली इकेमचीच का? ती गोड का नाही?

इकेमचीच. नावाचा फ्रेंच उच्चार ‘इग्रेक’. १९५९ मध्ये सुरू झालेली ही कोरडी पांढरी वाइन आहे, २००४ पासून दर वर्षी निघते. सोतेर्न हे नाव फक्त गोड वाइनला मिळते, म्हणून हिच्या चिठ्ठीवर साधे ‘बोर्डो’ लिहिलेले असते. नाव वाचून गोड वाइन समजून घेतलेली बाटली परत करता येत नाही, तेव्हा आधी पाहून घ्या.

१६. वाइन गडद तपकिरी झाली आहे आणि तळाशी काचेसारखे खडे आहेत. बिघडली का?

खडे म्हणजे टार्टारिक आम्लाच्या क्षारांचे स्फटिक, थंडीत बसतात, निरुपद्रवी. रंग सालानुसार पाहा: ताजी इकेम फिकट सोनेरी, २०-३० वर्षांत जुन्या सोन्यासारखी, पुढे अंबर, मग कोऱ्या चहासारखी. पन्नास वर्षांची वाइन तपकिरी असेल तर ठीक. दहा वर्षांची तशी दिसली तर उष्णता लागली आहे किंवा बूच गळले आहे. बाटलीच्या मानेतली पातळी खाली गेली असेल, वेष्टण चिकट असेल, तर संशय पक्का.

१७. कशी ठेवावी, किती थंड द्यावी, कशाबरोबर?

आडवी, अंधारात, १२-१४ अंशांना. महाराष्ट्रातला उन्हाळा घरातल्या कपाटात ही बाटली सहन करत नाही. वाइनचे कपाट नसेल तर लवकर उघडा. अर्धी बाटली (३७५ मिलिलिटर) पूर्ण बाटलीपेक्षा लवकर पिकते. १०-१२ अंशांना, छोट्या पेल्यात द्या. उघडल्यावर बूच लावून फ्रिजमध्ये आठवडाभर सहज टिकते.

फ्रान्समध्ये निळ्या बुरशीचे रोकफोर चीज किंवा फ्वा ग्रा (पोसलेल्या बदकाचे किंवा हंसाचे यकृत) बरोबर देतात. खारट आणि स्निग्ध पदार्थ तिला उठाव देतात. श्रीखंड, बासुंदी, पुरणपोळी बरोबर देऊ नका. पदार्थ वाइनपेक्षा गोड असला की वाइन आंबट आणि पोकळ लागते.

१८. गोड वाइनमध्ये गंधक जास्त असतो का?

हो. युरोपच्या नियमात कोरड्या पांढऱ्या वाइनला साधारण २०० मिलिग्रॅम प्रतिलिटरची मर्यादा आहे, सोतेर्नला ४०० ची. साखर उरलेली असल्याने आंबणे पुन्हा सुरू होऊ शकते. शिवाय बुरशीची काही द्रव्ये गंधकाला बांधून ठेवतात, त्यामुळे तो निकामी होतो आणि अधिक द्यावा लागतो. गंधकाची ॲलर्जी किंवा दमा असेल तर डॉक्टरांना विचारूनच प्या.

१९. चिठ्ठीवर ‘बार्साक’ लिहिलेली वाइन सोतेर्न आहे की नाही?

दोन्ही असू शकते. सोतेर्न नावाखाली पाच गावे येतात: सोतेर्न, बोम, फार्ग, प्रेन्याक आणि बार्साक. बार्साकचा उत्पादक यांपैकी कोणतेही नाव लावू शकतो. उरलेल्या चार गावांना ‘बार्साक’ लावता येत नाही. इकेम सोतेर्न गावातली असल्याने तिच्यावर बार्साक कधीच दिसणार नाही.

२०. नाशिकमध्ये अशी वाइन होईल का?

नाशिकच्या ‘लेट हार्वेस्ट’ गोड वाइन मिळतात, त्या शेनँ ब्लाँची द्राक्षे वेलीवर जास्त दिवस ठेवून केलेल्या असतात. उमद्या कुजेची वाइन मात्र वेगळी. आपल्याकडे ऑक्टोबर छाटणीनंतर माल जानेवारी ते मार्चमध्ये तयार होतो, तेव्हा हवा कोरडी आणि दिवस तापत जाणारे. सकाळी धुके, दुपारी ऊन असे आठवडेच्या आठवडे मिळत नाहीत. अवकाळी पाऊस आला तर ओल एकदम येते, मणी तडकतात, आणि प्रश्न ३ मधली आंबट कूज लागते. फवारणीचाही मुद्दा आहे: भुरी-डावणी या द्राक्षांवरच्या रोगांसाठी दिलेली काही बुरशीनाशके ही बुरशीही मारतात. उशिरा तोडायचा प्रयोग करायचाच असेल तर एकदोन ओळी राखून ठेवा, मणी पातळ सालीचे नसतील अशी जात घ्या, आणि रोज सकाळी घडाच्या आतल्या बाजूला नाक लावून पाहा. व्हिनेगरचा वास आला तर त्याच दिवशी तो घड काढून बागेबाहेर टाका.